बोनसची पाकिटं

मागच्या दिवाळीची गोष्ट आधी सांगते, कारण त्यातली चूक माझी आहे.

ह्यांचा कारखाना भोसरीला. दिवाळीच्या आठ दिवस आधी बोनस जमा झाला, ३६ हजार. दोन्ही मुलं घरीच शिकतात, तेव्हा पैसा त्यांच्याच कामी लावू, अशी माझी नियत. १४ हजारांचा टॅब घेतला. ९ हजार भरून एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचं वर्षभराचं सभासदत्व घेतलं. उरलं ते पडदे, कपडे आणि पाहुण्यांत गेलं. फेब्रुवारीत मुलीला गणित शिकवणाऱ्या बाईंचे १,५०० रुपये देता येईनात, म्हणून मीच त्यांना म्हटलं, “थोडे दिवस राहू द्या.” एप्रिलमध्ये मुलीने दहावीचे चार पेपर दिले. गणिताचा दिला नाही. ऑक्टोबरलाही तिला धीर झाला नाही. ती मला एका शब्दाने बोलली नाही, हेच जास्त लागलं. टॅबवर तिचा भाऊ गाड्यांचे व्हिडिओ बघतो.

शाळेत मुलं असली की जूनमध्ये फीची पावती येते, वह्यांची यादी येते. घरी शिकवणाऱ्याला असं कोणी काही पाठवत नाही. त्यामुळे खर्च नाहीच असं वाटतं आणि तो बारा महिने सुट्या पैशांतून झिरपत राहतो. रंग संपले, झेरॉक्स काढायच्या आहेत, रिक्षा करावी लागली. मग वर्षातून एकदा मोठी रक्कम आली, की मोठीच वस्तू डोळ्यांसमोर येते.

बोनस म्हणजे तरी किती? कायद्याने किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, तोही पगाराच्या ठरावीक मर्यादेवर. एका महिन्याचा पगार, फार तर. त्यात बारा महिने बसवायचे.

यंदा पैसे आले त्या रात्री सासूबाईंनी हजरत यूसुफ (अलैहिस्सलाम) यांची आठवण काढली. सात वर्षांच्या सुकाळातलं धान्य त्यांनी कणसातच ठेवायला सांगितलं होतं. “तू आधी मळून बसतेस,” त्या म्हणाल्या. मी ऐकून घेतलं.

आधी बाईंचे पैसे काढले. नोव्हेंबर ते एप्रिल, सहा महिन्यांचे ९ हजार, सहा वेगळ्या पाकिटांत, प्रत्येकावर महिना लिहून. मग परीक्षेचे ४ हजार. आमची मुलगी एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थानची परीक्षा देते. वय १४ पूर्ण झालं की दहावीला बसता येतं, परीक्षा वर्षातून दोनदा होते, विषय एकेक करून देता येतात आणि नोंदणी पाच वर्षं चालते. पुण्यात तिचं विभागीय केंद्रही आहे. शुल्क भारी नाही, पण एप्रिलच्या परीक्षेचं शुल्क काही महिने आधीच भरावं लागतं, आणि गणित सुटलं की लगेच बारावीची नोंदणी आहे. ज्यांना राज्य मंडळाचीच दहावी हवी, त्यांना १७ नंबरचा फॉर्म आहेच. त्याच्याही तारखा आधीच पाहून ठेवा.

अभ्यासाच्या किरकोळ खर्चाला महिन्याला ८०० रुपये, म्हणजे वर्षाचे ९,६००. यात भागतं का? भागतं, कारण बरंच काही फुकट आहे आणि मी ते आधी पाहिलंच नव्हतं. बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवरून मोफत उतरवता येतात. जुनी छापील हवी असतील तर अप्पा बळवंत चौकात फिरावं. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याची शेकडो उदाहरणं आहेत. मुलाने स्ट्रॉची पिपाणी केली आणि दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. फिरण्यासाठी वेगळे २,४०० आहेत. त्यात केळकर संग्रहालय झालं, आगाखान पॅलेस राहिला आहे. पाताळेश्वराच्या लेण्याला तर फक्त बसचं तिकीट.

रमजान-ईदचे ६ हजार मी दिवाळीतच बाजूला काढते. बोनस दिवाळीला यायचा, आणि ईद मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकायची. दोन्हींमधलं अंतर सध्या कमी होत चाललं आहे, हे आपल्या हिशेबाला बरंच आहे. उरलेले ५ हजार आजारपणासाठी, त्यांना हात लावायचा नाही.

जकातीबद्दल विचाराल, तर ज्यांची मालमत्ता निसाबाएवढी, म्हणजे साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी आहे, त्यांनी आपली वर्ष पूर्ण होण्याची तारीख पाहावी. पाकिटावर ‘अभ्यास’ लिहिलं म्हणून ती रक्कम हिशेबातून सुटत नाही, असं आमच्या मौलानांनी सांगितलं. त्या तारखेला जे शिल्लक, ते धरून अडीच टक्के. तुमच्या घरची बाब वेगळी असेल तर तुम्हीही विचारून घ्या.

ह्यांना ही पाकिटं पहिल्यांदा पोरखेळ वाटली. “बँक कशाला आहे मग?” त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण खात्यात सगळा पैसा एकाच रंगाचा दिसतो आणि फोन काढला की लगेच जातो, हा माझा अनुभव. शेवटी तडजोड झाली. आजारपणाचे पैसे खात्यात, बाकीची पाकिटं कपाटात, चावी मुलीकडे.

बाईंना फोन केला तेव्हा आवाज फुटत नव्हता. त्या म्हणाल्या, “सोमवारपासून येते, वही तीच आहे ना?” तीच आहे. मंगळवारी मुलगी वर्गसमीकरणं सोडवत बसली होती. मी चहा ठेवला आणि बोलले काही नाही.