कोणाला विचारायचे नाही?

बार्शीतील आपल्या समाजाची कुटुंबगणना करावी, असे तरुण मंडळींनी ठरविले आणि प्रश्नावलीचा कच्चा नमुना मला दाखविण्यास आणला. सर्व प्रश्न सर्वांना सारखेच होते. 'पतीचा व्यवसाय' हा प्रश्न वाचताना शेजारच्या काकू डोळ्यांसमोर आल्या. पतीच्या निधनानंतर वीस वर्षे कापडदुकानाची गादी सांभाळणाऱ्या त्या माउलीने या रकान्यात काय लिहावे?

प्रश्नावलीत 'जर-तर'ची अट घालतात ती याचसाठी. आधी वैवाहिक स्थिती विचारावी; उत्तर 'विवाहित' आले तरच पुढील प्रश्न यावा, अन्यथा तो ओलांडून पुढे जावे.

वाचकहो, २०११ च्या जनगणनेचे कुटुंबपत्रक आठवा. त्यात २९ प्रश्न होते, पण सारे सर्वांना लागू नव्हते. एकूण किती अपत्ये झाली, हे विवाह झालेल्या सर्व स्त्रियांना, विधवांनाही, विचारावयाचे होते. गत वर्षातील अपत्यजन्माचा प्रश्न मात्र त्या वेळी विवाहित असलेल्या स्त्रियांपुरताच होता. अनुसूचित जातीची नोंद हिंदू, शीख व बौद्ध यांच्यापुरती. अनुसूचित जमातीस मात्र धर्माची अट नाही. म्हणजे धर्म 'जैन' लिहिला म्हणून तो प्रश्न सरसकट गाळता येत नव्हता. अट इतक्या बारकाईने आखावी लागते.

कारण प्रत्येक अट म्हणजे कोणाला विचारायचे नाही, याचा निर्णय असतो. मंडळींच्या दुरुस्त नमुन्यात 'गृहिणी' हे उत्तर येताच व्यवसायाचे सर्व प्रश्न गळत होते. सोय झाली खरी. पण आपल्या पेठेतील किती घरांत उधारीची वही सून लिहिते, दुपारी गल्ल्यावर सासूबाई बसतात! घरच्या व्यवसायात मोबदल्याविना केलेले काम जनगणनाही काम मानते. आपल्या एका अटीने मात्र या साऱ्या भगिनी आकड्यांतून नाहीशा झाल्या असत्या. म्हणून 'घरच्या व्यवसायात आपण काम करता का?' हे आधी सर्वांना विचारावे आणि अट त्या उत्तराला लावावी.

वगळलेला रकाना कोराही ठेवू नये. तेथे 'लागू नाही' अशी नोंद असावी. बाकी शून्य असणे वेगळे आणि खतावणी राहून जाणे वेगळे, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको.

अखेर, प्रश्नावली वाटण्यापूर्वी ती तीन-चार निरनिराळ्या घरांतून भरून पाहावी: एकत्र कुटुंब, एकटे राहणारे वृद्ध, पुण्यात नोकरीस असलेला मुलगा. आम्ही पहिली प्रत काकूंना दिली. पतीविषयीचा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नाही. व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले, 'कापडदुकान. मालक – स्वतः.'