वऱ्हाडचा खंड आणि वझिरिस्तानवरचे बॉम्ब

८ ऑक्टोबरला वायुसेना दिन येतो, आकाशात राफेल गरजते आणि आम्ही टाळ्या पिटतो. खुशाल पिटाव्यात! पण या दलाचे पहिले विमान कोणते आणि ते कोणावर तुटून पडले, हे वऱ्हाडातल्या कामरगावच्या शाळेतल्या पोराला कोणी सांगितले आहे काय?

वेस्टलँड वापिती त्याचे नाव. दुपंखी, दोन माणसांचे, उघड्या बैठकीचे, सुमारे २६० किलो बॉम्ब वाहणारे. पहिल्या महायुद्धातल्या डी. एच. नाइन-ए विमानांचे सुटे भाग शिल्लक होते. ते वापरात यावेत म्हणून विलायतेने काटकसरीत घडवलेले. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिघ रोडवर अशी चार विमाने आणि पाच हिंदी वैमानिक मिळून आपले पहिले पथक उभे राहिले. १९३७ मध्ये ते मिरानशाहहून वझिरिस्तानातल्या टोळ्यांवरच्या मोहिमेत उतरले.

वायव्य सरहद्दीवरची सरकारी रीत मोठी सभ्य! आधी पत्रके टाकायची, अमुक तारखेच्या आत गाव सोडा. मग घरांवर बॉम्ब. पत्रक वाचता येते का, म्हातारी डोंगर चढेल का, ही चौकशी कोणी करायची? मार्च १९३३ मध्येच जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत ब्रिटिश सरकार हवाई बॉम्बफेकीवर बंदीचा मसुदा मांडत होते. सूट फक्त दूरच्या काही प्रदेशांतल्या पोलिसी कामापुरती! म्हणजे पॅरिसवर पडला तर रानटीपणा, पठाणाच्या घरावर पडला तर बंदोबस्त.

आणि वऱ्हाडाने हात झटकू नयेत. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने हैदराबादच्या निजामाकडून हा मुलूख वर्षाला २५ लाखांच्या खंडाने कायमचा घेतला. कापूस आमच्या काळ्या रानातला, साराही आम्हीच भरलेला. १९१८ मध्ये त्याच्यानंतरच्या निजामाने ब्रिटिशांच्या ११० क्रमांकाच्या पथकाला डी. एच. नाइन-ए विमाने भेट दिली. पथकाला 'हैदराबाद' नाव पडले ते त्यावरून. रुपयावर गावाचे नाव नसते. पण निजामाचा खंड आणि इंग्रजाचा सारा, दोन्ही याच मातीतून निघत. आमच्या आज्यापणज्यांना कोणी विचारले होते?

यात वैमानिकांचा उपमर्द नाही. त्या पाचांतले सुब्रोतो मुखर्जी पुढे हवाईदलाचे पहिले हिंदी प्रमुख झाले. सवाल हुकूम सोडणाऱ्यांचा आहे, आणि तो पुसून टाकणाऱ्या आमच्या पाठ्यपुस्तकांचा. वापितीचे चित्र जरूर छापा. त्याच पानावर वझिरिस्तानचा नकाशाही छापा. पाठ्यपुस्तक मंडळाला धीर होत नसेल तर कामरगावच्या गुरुजींनी खडू उचलावा, येत्या ८ ऑक्टोबरलाच.