अद्भुताचा कैवार

जादूविद्येच्या पाठशाळा, मर्त्य मातांच्या पोटी जन्मलेले देवपुत्र, रक्तपिपासू पिशाच्चे आणि लांडग्याचे रूप धारण करणारी माणसे यांनी गजबजलेल्या ज्या कादंबऱ्यांनी गेल्या पाव शतकात जगभरच्या कुमारवाचकांना वेड लावले, त्या आता गोदाकाठच्या गंगाखेडातील मुलामुलींच्याही हाती आल्या आहेत. क्वचित पुण्याला शिकणाऱ्या थोरल्या भावाने सुट्टीत आणलेल्या इंग्रजी प्रतीतून, क्वचित मराठी अनुवादातून, तर बहुधा मोबाइलच्या पडद्यावरून. त्या आल्या, आणि त्यांच्यापाठोपाठ त्यांच्याविरुद्धची फिर्यादही आली. फिर्यादी कोणी मुलांचे शत्रू नव्हेत. ते आईबाप आहेत, गुरुजन आहेत, विज्ञाननिष्ठ कार्यकर्ते आहेत, आणि त्यांच्या हेतूविषयी तिळमात्र शंका घेण्याचे कारण नाही. म्हणूनच त्यांचा पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडून मगच त्याचा परामर्श घेणे उचित होईल.

फिर्यादीची कलमे चार आहेत. ज्या वयात लातूर-नांदेडच्या शिकवणीवर्गांची वाट धरायची, त्या वयात पाचशे-पाचशे पानांची ही बाडे वाचणे हा निव्वळ कालापव्यय होय, हे पहिले. ही सारी कल्पनासृष्टी परकी असून आपल्या मातीशी तिचे काही नाते नाही, हे दुसरे. जादूटोण्याच्या आणि भुताखेतांच्या कथा कोवळ्या मनांत अंधश्रद्धेचे बी पेरतात, हे तिसरे. आणि पिशाच्चांच्या प्रणयकथांनी मुलींच्या मनात प्रेमाविषयी विपरीत कल्पना रुजतात, हे चौथे.

कालापव्ययाचे कलम प्रथम घेऊ. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची चिंता खोटी नाही. कोरडवाहू शेतीवर संसार रेटणाऱ्या कुटुंबाला मुलाच्या एका जागेने केवढा आधार मिळतो, हे या भागात कोणास सांगावयास नको. परंतु ज्या मुलाने स्वेच्छेने, कोणी पाठ घोटून न घेता, एक दीर्घ कथानक आरंभापासून अखेरपर्यंत ध्यानात धरले, त्यातील पन्नास पात्रांचे परस्परसंबंध उकलले आणि पहिल्या खंडातील एका क्षुल्लक वाटलेल्या तपशिलाचा अर्थ चौथ्या खंडात आपण होऊन ओळखला, त्याने एकाग्रतेची जी कमाई केली ती कोणत्या विषयाच्या अभ्यासात वाया जाते, हे फिर्यादीने दाखवून दिले पाहिजे. भाषांच्या इतिहासाचा दाखला तर याहून बलवत्तर आहे. देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ १८८८ साली निघाली तेव्हा त्या तिलिस्मी कथेसाठी कित्येकांनी नागरी लिपी शिकून घेतली, असे हिंदीचे इतिहासकार नोंदवतात. आणि ज्या निजामी अमलात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा होता, त्या अमलाच्या उर्दूतही ‘तिलिस्म-ए-होशरुबा’सारख्या दास्तानांनी वाचकांच्या पिढ्या घडवल्या. आजचे उदाहरण कुमारांसाठी लिहिणारे कादंबरीकार रिक रायर्डन यांचे. अक्षरे जुळवताना अडखळणाऱ्या आपल्या मुलासाठी त्यांनी पर्सी जॅक्सनची कथा रचली आणि नायकालाही तीच अडचण दिली. शाळेने मंदबुद्धी ठरवलेला मुलगा जिथे पराक्रमी ठरतो, ते पुस्तक वाचनाला पारखी झालेली मुले हाती धरतात. अशा पुस्तकाला वेळखाऊ म्हणणे म्हणजे वाचनाचा दरवाजाच बंद करणे होय.

परकीयतेचा आक्षेप गोदातीरी बसून घेतला जावा, याचे तर आश्चर्यच वाटते. गंगाखेडच्या वरच्या अंगाला याच नदीच्या काठी पैठण आहे, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान. आणि अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त स्मशानातील झाडावरचे प्रेत खांद्यावर घेऊन चालणारा, आणि त्या प्रेतात शिरलेल्या वेताळाशी बोलणारा जो राजा त्रिविक्रमसेन आहे, तो या गोदातीरीच्या प्रतिष्ठानचाच. त्या ग्रंथाचा मूळ स्रोत मानली जाणारी ‘बृहत्कथा’ही परंपरेने सातवाहनांच्या दरबारातील गुणाढ्याच्या नावावर आहे. तिची कथा फिर्यादींनी अवश्य ध्यानी घ्यावी. गुणाढ्याने पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने, सात लक्ष श्लोक लिहून राजाकडे पाठवले. पिशाच्चांची भाषा आणि रक्ताची अक्षरे पाहून राजाने ते अव्हेरले. तेव्हा अग्निकुंड पेटवून तो कवी एकेक पान वाचून आगीत टाकू लागला, आणि रानातील पशू चरणे विसरून अश्रू ढाळीत ऐकू लागले. राजाला आपली चूक उमगून तो धावून येईपर्यंत सहा लक्ष श्लोकांची राख झाली होती. ही दंतकथा आहे, हे खरे. परंतु मूळ ‘बृहत्कथा’ आज उपलब्ध नाही, हेही तितकेच खरे. अद्भुत कथेला तिच्या बाह्य रूपावरून दरबारातून हाकलण्याची वहिवाट आपल्याकडे इतकी जुनी आहे, आणि तिच्यामुळे झालेले नुकसानही आपलेच आहे.

तिसरे कलम सर्वांत गंभीर आहे, कारण ते करुणेतून आलेले आहे. अंधश्रद्धेविरुद्ध झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अंगात येण्याच्या नावाखाली मारहाण आणि गुप्तधनासाठी नरबळी ही आपल्या समाजाची उघडी जखम आहे. तथापि त्याच कायद्याने कीर्तन, प्रवचन, हरिकथा यांना आणि दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन करण्यास, कोणाला शारीरिक इजा पोहोचत नसेल तर, स्पष्ट मुभा दिली आहे. कायदा करणाऱ्यांनी जो भेद जाणला तो आपणही जाणला पाहिजे. भोंदू बाबा श्रद्धा मागतो, पैसा मागतो आणि प्रश्न विचारण्यास मनाई करतो. कादंबरी मुखपृष्ठावरच आपण कादंबरी असल्याची कबुली देते, वाचनापुरता कल्पनेला आश्रय मागते आणि पुस्तक मिटताच तो परत करते. शिवाय चांगली अद्भुतकथा नियमांनी बांधलेली असते: कोणती शक्ती कोणास मिळते, तिची किंमत काय, ती कोठे निष्फळ ठरते, याचा हिशेब तिला चुकवता येत नाही, आणि लेखकाने तो चुकवला की बारा वर्षांचा वाचक त्याला तत्काळ पकडतो. अशा रीतीने चमत्काराची उलटतपासणी घ्यायला शिकलेले मूल उद्या अंगाऱ्याधुपाऱ्याला भुलेल, ही भीती मला निराधार वाटते.

चौथ्या कलमात तथ्यांश आहे आणि तो मान्य केला पाहिजे. २००५ साली आलेल्या स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’मध्ये १९०१ साली जन्मलेला, परंतु सतरा वर्षांचाच दिसणारा पिशाच्चनायक सतरा वर्षांच्या नायिकेच्या खोलीत तिच्या नकळत शिरून तिला झोपलेली न्याहाळतो, आणि लेखिका त्याला प्रेम म्हणते. हे प्रेम नव्हे, हे मुलींना सांगितलेच पाहिजे. पण कसे सांगणार? पुस्तक हिसकावून घेतले तर ते उशाखाली लपेल आणि त्याच्याशी वाद घालणारे कोणीच उरणार नाही. उलट आईने किंवा बाईंनी तेच पान पुढ्यात घेऊन, ‘तुझ्या बाबतीत कोणी असे केले तर?’ एवढे विचारले तर त्याच पुस्तकातून मुलीला सावधपणाचा धडा मिळेल. सदोष पुस्तकाला औषध म्हणजे दुसरे चांगले पुस्तक आणि मोकळी चर्चा.

आता मंडनाकडे वळतो. भरतमुनींनी अद्भुताला आठ रसांत स्थान दिले, विस्मय हा त्याचा स्थायीभाव सांगितला आणि वीररसापासून त्याची उत्पत्ती मानली. ज्याचा उगम पराक्रमात आहे, त्याला पलायनाचे साधन म्हणणे शास्त्रालाही धरून नाही. परंतु माझा मुख्य मुद्दा याहून वेगळा आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या जीवनात निर्णय असे जवळजवळ नसतातच. कोणत्या शाखेला जायचे, कोठे राहायचे, कोणाशी बोलायचे, हे सारे वडीलधारे ठरवतात आणि त्याच्या वाट्याला हुकूम तेवढे येतात. अद्भुतकथा ही अशी एकमेव जागा आहे, जिथे त्याच्यावर निवाड्याची जबाबदारी पडते. वेताळाची प्रत्येक कथा न्यायाच्या प्रश्नापाशी येऊन थांबते: दोषी कोण, श्रेष्ठ कोण, हक्क कोणाचा? उत्तर ठाऊक असूनही मौन धरले तर राजाच्या मस्तकाची शकले होतील, ही अट म्हणजे नीतिशिक्षणाचे केवढे सामर्थ्यवान सूत्र! हॅरी पॉटरही वंशाने थोर ठरत नाही, त्याने केलेल्या निवडीने ठरतो. राक्षस, शाप आणि मृत्यू यांच्या प्रचंड छायेत उभे करून या कथा मुलाला विचारतात की आता तू कोणाच्या बाजूला उभा राहशील.

गंगाखेडच्या मुलीला हे उमजायला दूर जावे लागत नाही. या गावच्या जनाबाई बालपणीच पंढरपुरी नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिल्या. आणि लोकपरंपरेने त्यांच्याविषयी जतन केले ते हे की त्यांच्या जात्यापाशी विठ्ठल दळू लागला, आणि देवाच्या पदकाच्या चोरीचा खोटा आळ येऊन सुळाची शिक्षा झाली तेव्हा त्या सुळाचेच पाणी झाले. संतचरित्राची कादंबरीशी बरोबरी करण्याचा माझा मुळीच मानस नाही. परंतु ज्या समाजव्यवस्थेत दासीच्या शब्दाला मोल नव्हते, त्या व्यवस्थेत तिच्या निर्दोषतेचा निवाडा लोकमानसाने चमत्काराच्या भाषेत करून ठेवला, हे निर्विवाद आहे. जिन्याखालच्या फडताळात वाढलेल्या पोरक्या हॅरीला एक दिवस पत्र येते तेव्हा जगभरची मुले हरखून जातात, ती याच भुकेने: उपेक्षिताची कदर करणारा न्याय कोठेतरी असला पाहिजे, या भुकेने.

तेव्हा केवळ परवानगी देऊन थांबणे पुरेसे नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या वाचनालयांनी कुमारांसाठी अद्भुतकथांचे स्वतंत्र कपाट मांडावे. त्यात ‘हॅरी पॉटर आणि परीस’सारखे अनुवाद असावेत, वेताळपंचविशी असावी, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न असावा, आणि वाचक थोडा मोठा झाला की नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथाही असाव्यात. शिक्षकांनी महिन्यातील एक तास त्यांवरील वादासाठी राखावा. आणि मराठी लेखकांनी नव्या पिढीसाठी अशा बृहद् अद्भुतकादंबऱ्या लिहाव्यात, ज्यांत गोदावरीचे पात्र, परळीकडे जाणारी आगगाडी आणि मराठवाड्याची बोली असेल. कारण आपल्याच भाषेत स्वप्न पाहण्याची सोय नसलेली मुले ती भाषा मोठेपणी विचारासाठीही वापरीत नाहीत. विवेकी नागरिक हवा असेल तर त्याला कोवळ्या वयातच निवाडा करण्याची सवय लागली पाहिजे, आणि ती सवय लावणारे पुस्तक मुलाच्या हातून काढून घेण्याचा अधिकार पालकालाही नाही आणि शाळेलाही नाही.