विकतच्या गाईचे दात

'धर्माची गाय अन् दात का नाय' असं आपल्याकडे म्हणतात. फुकट मिळालेल्या गाईला नावं ठेवू नयेत, हे ठीकच. पण मंडळी, आपण विकतच्या गाईचेही दात मोजत नाही! निदान ओळखीतून आलेल्या गाईचे तरी नाहीच. जुनं ड्रिल मशीन घ्यायला गेलेली चांगली हुशार माणसं मी बघितली आहेत. चहा घेतात, मशीनभोवती एक फेरी मारतात, रंगावरून हात फिरवतात आणि "तुमच्यावर विश्वास आहे" म्हणून पैसे मोजतात.

माझं मत विचाराल तर हा विश्वास नव्हे, ही भीड आहे. आणि भीड भिकेची बहीण, हे काही मी वेगळं सांगायला नको.

जुन्या पिलर ड्रिलमध्ये फसवणारी पहिली गोष्ट म्हणजे नवा रंग. रंगाने झीज भरून येत नाही, फक्त आपली नजर तिच्यावरून हटते. म्हणून बघायचं कमी, हात लावायचा जास्त. आधी मेन स्विच बंद करा. हँडल फिरवून क्विल, म्हणजे स्पिंडलला घेऊन खाली येणारी ती नळी, पूर्ण खाली आणा. आता चक मुठीत धरून मागेपुढे, डावीउजवीकडे हलवून बघा. हँडलमध्ये थोडा ढिलेपणा असतोच, त्याचं काही नाही. पण क्विलच बाजूला खटखट हलत असेल तर सावध! ती आणि तिच्याभोवतीचं बिडाचं घर झिजलंय. काही मशीनमध्ये ते आवळायची सोय असते. नसेल तर दुरुस्तीचा खर्च मशीनच्या किमतीला जाऊन भिडतो.

मग बेल्ट सैल करून स्पिंडल हाताने फिरवा. बेअरिंग गेलं असेल तर बोटांना खरखर कळते. पण बेअरिंग बाजारात मिळतं, त्याला घाबरायचं कारण नाही. चक काढायला सांगा आणि टेपरमध्ये बोट घाला. आत ओरखडे लागले तर समजा, इथे टेपर पकड सोडून फिरलेला आहे. डायल लावायचं तेही चकवर नव्हे, टेपरच्या आत. चक वाकडं फिरत असेल तर बदलता येतं, स्पिंडल वाकला असेल तर ते मोठं दुखणं. काटा ०.०२-०.०३ मिमी हलला तर मशीन उत्तम. ०.१० मिमी हलला तर चहाबद्दल आभार मानून निघावं.

शेवटी मशीन चालवून बघा, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त स्पीडवर. "लाइट कापलीय हो, पण मशीन चालू आहे" असं उत्तर आलं, तर ते मशीन बंद आहे असं धरूनच भाव करावा. आणि मोटर थ्री फेज आहे का, हे घरी आणल्यावर नाही, आधी विचारावं!

तुम्ही म्हणाल, एवढं केलं तर समोरच्याला काय वाटेल? खरं सांगू का, ज्याने मशीन जपलंय त्याला बरंच वाटतं. भोसरीत एक काका वर्कशॉप बंद करत होते. मी पुलीचं झाकण उघडू का विचारलं, तर स्वतःच डायल घेऊन आले. "बेल्ट बदलावा लागेल, टेबलाला दोन भोकं पडलीत, बाकी बघून घ्या," म्हणाले. इतक्या वर्षांनी आपल्या मशीनकडे कुणी नीट बघतंय, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. नुसता रंग बघून पैसे देणाऱ्याने त्यांचा काय मान राखला असता?

मात्र याला दुसरी बाजू आहे. तपासणी म्हणजे भाव पाडायचं हत्यार नव्हे. गंजलेल्या नटबोल्टवरून नाकं मुरडायची आणि स्पिंडल झकास आहे हे गिळून टाकायचं, हीही लबाडीच. जे सापडलं ते दोघांसमोर ठेवावं, चांगलंही आणि वाईटही. मग व्यवहार करावा.

कारण जुनं मशीन बहुतेक वेळा घेतो कोण? नवीन सुरुवात करणारा, हातउसने पैसे घेऊन आलेला पोरगा. त्याचं भोक सरकतं, ड्रिल मोडतं, जॉब परत येतो. दोष क्विलचा असतो, पण त्याला ते ठाऊक नसतं. त्याला वाटतं, आपला हातच वाईट आहे. पैसे बुडाले तर पुन्हा कमावता येतात हो, पण स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला की काम सुटतं. म्हणून त्याच्याबरोबर जाणाऱ्या जाणत्या माणसाने तरी भीड घरी ठेवून जावं.