सोडतीच्या डब्यातली नावे

दुपारी जेवण आटोपून जरा आडवे व्हावे, तोच मोबाइल वाजतो. पलीकडचा आवाज माझे संपूर्ण नाव घेतो आणि व्यक्तिगत कर्ज हवे आहे का, असे विचारतो. ज्याने उमेदीची सारी वर्षे इतरांचे कर्जाचे अर्ज तपासण्यात घालवली, त्यालाच! हसू येते, पण ते फार वेळ टिकत नाही. कारण त्यानंतरचा आवाज सांगतो की, माझ्या मोटारीचा विमा पुढील आठवड्यात संपतो आहे. ती तारीख मलाही आठवत नव्हती. त्या परक्या माणसाला मात्र ती ठाऊक होती.

बँकेत रुजू झालो त्या दिवशी माझ्यापुढे एक कागद ठेवण्यात आला होता : निष्ठा व गोपनीयतेचे प्रतिज्ञापत्र. ग्राहकाच्या खात्याविषयी बाहेर एक शब्दही उच्चारणार नाही, अशी त्यावर सही करावी लागे. तेव्हा तो उपचार वाटला. त्याचे मोल पुढे एका प्रसंगाने कळले. आमच्या शाखेत एक प्रतिष्ठित व्यापारी आले. मुलीची सोयरीक जुळत होती. "मुलाकडच्यांची ठेव साधारण किती आहे, एवढेच सांगा," म्हणाले. ते आमच्या व्यवस्थापकांचे नातलग होते. व्यवस्थापकांनी चहा मागवला, विचारपूस केली आणि शांतपणे म्हणाले, "उद्या तुमच्या ठेवीविषयी कोणी विचारले, तर मी काय उत्तर द्यावे?" ते गृहस्थ पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. त्यांचे खाते मात्र आमच्याच शाखेत राहिले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझ्या पुतण्याचे कापडाचे दुकान आहे. गेल्या दिवाळीत त्याने भाग्यवान सोडत ठेवली. चिठ्ठीवर नाव, मोबाइल क्रमांक, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस लिहून ती डब्यात टाकायची. बक्षिसांचा निम्मा खर्च कर्ज मिळवून देणाऱ्या एका एजंटाने उचलला आणि सोडत झाल्यावर चिठ्ठ्यांचा गठ्ठा तो घेऊन गेला. महिनाभराने एक वृद्ध ग्राहक दुकानात आल्या. पुतण्याच्या वडिलांच्या काळापासून त्यांची खरेदी तेथेच. म्हणाल्या, "बाळा, माझा नंबर तू कोणाला दिलास का रे? रोज कोणीतरी कर्ज घ्या म्हणते. मी तो फक्त तुझ्या दुकानात लिहिला होता." पुतण्या संध्याकाळी माझ्याकडे आला. "काका, मी विकला नाही हो," म्हणाला. मी विचारले, "मग निम्मी बक्षिसे कशाच्या मोबदल्यात आली?"

वाचकहो, आपण सारेच या दूरध्वनींनी त्रस्त आहोत, आणि त्यावर उपाय आहेत. १९०९ या क्रमांकावर दूरध्वनी करून किंवा संदेश पाठवून आपली नापसंती नोंदवता येते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे यासंबंधीचे नियम २०१८ चे आहेत. २०२५ मधील दुरुस्तीनंतर नको असलेल्या दूरध्वनीविषयी सात दिवसांच्या आत तक्रार करता येते. समोरच्याचा क्रमांक, तारीख आणि थोडक्यात मजकूर एवढे टिपून ठेवावे. बिलासाठी मोबाइल क्रमांकाची सक्ती दुकानदाराने करू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच बजावले आहे.

परंतु आपण केवळ ग्राहक नाही, दुकानदारही आहोत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, प्रमुख तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. ज्या कारणासाठी माहिती घेतली त्याच कारणासाठी ती वापरायची, हे त्याचे सूत्र. कागदावर घेतलेली माहिती पुढे संगणकात भरली, तरी तो लागू होतो. कमाल दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत आहे.

दंडाच्या भीतीने वागावे, असे मात्र मी म्हणणार नाही. पेढीवरच्या वहीत कोणाची किती उधारी आहे, हे जुन्या पिढीतील व्यापारी शेजारच्या दुकानदारालाही सांगत नसत. तेव्हा असा कायदा नव्हता; होती ती पत. न दिलेली वस्तू घेणे ही चोरी, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. ग्राहकाने सोडतीसाठी दिलेला क्रमांक कर्जाच्या धंद्यासाठी दिलेला नसतो.

पुतण्याने एजंटाकडे यादी परत मागितली. चिठ्ठ्या परत आल्या. परंतु त्यांवरचे क्रमांक किती ठिकाणी उतरवले गेले, ते कोण सांगणार? त्या आजींच्या घरी तो स्वतः जाऊन आला, क्षमा मागितली आणि १९०९ वर त्यांची नोंदणी करून दिली. यंदाच्या दिवाळीत सोडत असेल. चिठ्ठीवर मात्र केवळ बिलाचा क्रमांक असेल.