येझदीचं चॉपर

परवा नातू म्हणाला, "आबा, तुमच्या येझदीचं चॉपर करू?" मी दचकलोच. आपल्याकडे चॉपर म्हटलं की पेपरातली 'चॉपरने वार' ही बातमी आठवते. मग त्याने मोबाईलवर चित्रं दाखवली. पुढचं चाक पार लांब गेलेलं, हँडल खांद्याइतकं उंच, सीट जमिनीलगत, मडगार्ड नावालाच.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या हौशी लोकांनी जड मोटारसायकलींचे नको ते भाग कापायला सुरुवात केली, त्यावरून हे नाव पडलं. १९६९ च्या 'ईझी रायडर' सिनेमाने ते जगभर नेलं. मुंबईचे अक्षय वर्दे यांची 'वर्देंची' अशाच गाड्यांसाठी ओळखली जाते. तेव्हा हौस काही परकी राहिलेली नाही.

माझी येझदी १९७८ ची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन, आणि किक व गिअरला मिळून एकच दांडा. पासिंग अकोल्याचं, कारण वाशिम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. शाळेच्या गावी मी वर्षानुवर्षं हिच्यावरच गेलो.

मी सरळ सांगितलं, "जुन्या गाडीला हात लावायचा नाही. जशी आहे तशीच राहू दे."

"मग आबा, मागचं कॅरिअर कंपनीचं आहे का? आणि डाव्या बाजूची ही पायरी?"

आता काय बोलणार! कॅरिअर मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांसाठी मिस्त्रीकडून करून घेतलं होतं. पायरी ही त्याच्या आजीसाठी, लुगडं नेसून एका बाजूला बसता यावं म्हणून. म्हणजे गाडी 'मूळची' ठेवा हे सांगायचा अधिकार मला नव्हताच.

तरीही चेसिस कापायला माझा विरोध आहे, आणि तो नुसत्या मायेपोटी नाही. पुढचा फोर्क लांब करून पुढे झुकवला की गाडी सरळ रस्त्यावर स्थिर धावते, पण हळू वेगात हँडल जड होतं आणि वळायला जागा जास्त लागते. अमेरिकेतल्या सरळसोट हायवेला ते ठीक. आपल्याकडे वळणावर अर्ध्या रस्त्यात सोयाबीन वाळत घातलेलं असतं, पुढे बैलगाडी, मागून ट्रॅक्टर.

दुसरं कारण कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत; सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार मूळ रूपात जपलेल्या, पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळू शकते. आमच्या येझदीला पन्नास वर्षं होतील २०२८ साली. आज चेसिस कापली तर ती संधी कायमची गेली.

पण मुलाला नुसतं 'नाही' म्हणणं हेही मास्तरकीला शोभणारं नाही. ज्याला इंजिन खोलावंसं वाटतं, त्याच्या हाताला काम मिळालंच पाहिजे. म्हणून मी एक नियम घातला: पान्याने काढता येईल आणि पान्यानेच परत बसवता येईल तेवढंच करायचं; गॅस कटर लागेल ते करायचं नाही. काढलेला प्रत्येक सुटा भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवायचा. आणि रस्त्यावर काढण्याआधी आरटीओत विचारायचं. माझ्या मते जुन्या कुठल्याही वस्तूला हाच नियम लावावा. आपल्या पिढीने हौस करावी, पण पुढच्याला मागे फिरायची वाट ठेवावी.

रविवारी काम सुरू झालं. नातवाने आधी माझं कॅरिअर काढलं. मी काही बोललो नाही. मग त्याने पान्याने पायरीचा बोल्ट धरला, तेव्हा मात्र माझ्या तोंडून निघून गेलं, "ती राहू दे रे."

तो हसला आणि पान्हा खाली ठेवला. चिठ्ठीवर लिहिलं, "आजीची पायरी. काढायची नाही."