आई-बाबांना टेस्टचं पॅकेज भेट देणं आता पुरे



आज जरा कडक लिहिणार आहे. पटलं नाही तर खुशाल भांडा, पण शेवटपर्यंत वाचून मग भांडा.

दिवाळी, बाबांची पंचाहत्तरी, आईचा वाढदिवस, फादर्स डे. निमित्त कुठलंही असो, आपण काय करतो? फोनवर दोन बटणं दाबतो आणि पुण्याला, नाशिकला, डोंबिवलीला 'सीनियर सिटिझन फुल बॉडी चेकअप' बुक करतो. ८० टेस्ट, माणूस घरी येऊन रक्त नेणार, रिपोर्ट थेट आपल्या व्हॉट्सॲपवर. मूळ किंमत खोडलेली, शेजारी निम्मी किंमत. पाउंडात, डॉलरमध्ये नाहीतर दिरहॅममध्ये हिशेब केला तर चौघांनी एकदा बाहेर जेवण्याइतकाही खर्च नाही. मग वाटतं, चला, एवढं तरी केलं.

माझं म्हणणं सरळ आहे. काहीही त्रास नसलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या आई-बाबांच्या अशा घाऊक तपासण्या त्यांच्या भल्यापेक्षा आपल्या समाधानासाठी जास्त असतात. खरी किंमत पॅकेजवर छापलेली नसते. ती नंतर ते भरतात, आपण नाही.

आधीच एक स्पष्ट करते. वजन आपोआप घटतंय, शौचातून रक्त जातंय, चालताना छातीत दुखतंय, अशी तक्रार असेल तर तपासणी लगेच करायची, वय कितीही असो. ते निदान झालं. मधुमेहाची, थायरॉइडची, बीपीची औषधं चालू आहेत त्यांच्या नेहमीच्या टेस्ट हा उपचाराचा भाग झाला. मी बोलतेय ते धडधाकट माणसाला पकडून 'काही सापडतंय का बघू' म्हणण्याबद्दल.

आता साधं गणित. मी सीए आहे, आकडे वाचायची सवय आहे. बऱ्याचशा टेस्टची 'नॉर्मल रेंज' कशी ठरते? निरोगी माणसांची मापं घेतात आणि मधल्या ९५ टक्क्यांना नॉर्मल म्हणतात. म्हणजे १०० निरोगी माणसांतले ५ जण व्याख्येनेच बाहेर पडतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या अशा २० टेस्ट केल्या, तर ठणठणीत माणसाचा निदान एक आकडा तरी लाल येण्याची शक्यता ६४ टक्के. ६० टेस्ट केल्या तर ९५ टक्के. प्रत्यक्षात काही टेस्ट एकमेकींशी जोडलेल्या असतात म्हणून हा आकडा थोडा खाली येईल, पण दिशा बदलत नाही. जितकं मोठं पॅकेज, तितका लाल शाईचा खर्च जास्त. आणि लाल आकडा आला की पुढची टेस्ट आलीच.

आमच्या नात्यातल्या एका काकांचं सांगते. वय ७९, रोज सकाळी पर्वतीच्या पायथ्यापर्यंत फेरी. परदेशातल्या मुलाने पॅकेज बुक केलं. त्यात प्रोस्टेटची पीएसए टेस्ट होती, ती थोडी जास्त आली. मग एमआरआय, मग बायोप्सी, बायोप्सीनंतर जंतुसंसर्ग, ताप, आठ दिवस हॉस्पिटल. शेवटी निष्कर्ष काय? अगदी हळू वाढणारी गाठ आहे, काही करायचं नाही, फक्त लक्ष ठेवा. म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या काका होते तिथेच राहिले. पण फेरी बंद झाली. कारण आता ते स्वतःला कॅन्सरचे पेशंट समजतात.

काकांचं नशीब वाईट होतं असं कुणी म्हणेल. पण हे नशीब नाही, हे अपेक्षितच आहे. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०१८ साली स्पष्ट सांगितलंय की ७० आणि त्यापुढच्या पुरुषांची पीएसए स्क्रीनिंग करू नका. ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात टेस्टमुळे प्रोस्टेट कॅन्सर सापडलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट केले होते: ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसतं लक्ष ठेवणं. साधारण १५ वर्षांनी पाहिलं तर त्या कॅन्सरने गेलेल्यांचं प्रमाण तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपास होतं. आणि ही माणसं निदानाच्या वेळी ५० ते ६९ वर्षांची होती. ७९ व्या वर्षी काय मिळवायचं होतं, तुम्हीच सांगा.

'पण लवकर कळलेलं बरं ना?' हा ठरलेला प्रश्न. दक्षिण कोरियाकडे बघा. तिथे इतर तपासण्यांबरोबर स्वस्तात गळ्याची सोनोग्राफी करायची पद्धत पडली. १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरचं निदान १५ पट वाढलं. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू? होते तेवढेच. म्हणजे हजारो लोकांच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या, जन्मभराची गोळी मागे लागली आणि जीव वाचल्याचं आकड्यांत कुठे दिसलं नाही. लवकर कळण्याचा फायदा तेव्हाच, जेव्हा लवकर उपचार केल्याने शेवट बदलतो.

दुसरी गोष्ट वेळेची. आतड्याच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरच्या स्क्रीनिंगचा फायदा लगेच मिळत नाही. १,००० जणांची तपासणी केली तर एक मृत्यू टळायला साधारण १० वर्षं लागतात. त्रास मात्र पहिल्या आठवड्यात सुरू होतो. कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्रीची जुलाबाची औषधं ८२ वर्षांच्या आजींना देऊन बघा. अशक्तपणा, चक्कर, बाथरूममध्ये पडणं. आतड्याला इजा होण्याचा धोकाही वयाबरोबर वाढतो. आम्ही याला कॅश फ्लो म्हणतो: खर्च आज, परतावा दहा वर्षांनी. पन्नाशीत ही गुंतवणूक चांगली. पंच्याऐंशीत नाही.

गंमत म्हणजे आपण ज्या देशांत राहतो तिथली व्यवस्था हे जाणते. इंग्लंडमध्ये एनएचएस स्तनांच्या तपासणीसाठी ७१ व्या वाढदिवसापर्यंत बोलावते, आतड्याच्या किटसाठी ७४ पर्यंत, गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी ६४ पर्यंत. पुढे कुणाला हवंच असेल तर विचारता येतं, पण सगळ्यांना आपणहून बोलावणं थांबतं. अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरची स्क्रीनिंग ४५ ते ७५ सगळ्यांना, ७६ ते ८५ माणूस बघून, त्यानंतर नाही. इथे कुणी हे 'म्हाताऱ्यांकडे दुर्लक्ष' मानत नाही. मग गावाकडच्या आई-बाबांसाठीच आपण सीए-१२५, सीईए, सीए १९-९ असे ट्यूमर मार्कर का विकत घेतो? ते निरोगी माणसात कॅन्सर शोधण्यासाठी वापरायचे नसतातच. उपचार चालू असलेल्या रुग्णाची प्रगती बघायला मुख्यतः ते असतात.

'भारतात सरकारी व्यवस्था नाही म्हणून आपणच करायला हवं' असंही म्हटलं जातं. मला स्क्रीनिंगचं वावडं नाही. मुंबईतच टाटा मेमोरियलने १९९८ पासून झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका व्हिनेगर लावून गर्भाशयमुख बघायच्या. त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण त्या बायका ३५ ते ६४ वयाच्या होत्या, तपासणी नेमकी होती आणि काही सापडलं तर पुढच्या उपचाराची सोय लावलेली होती. याला म्हणतात स्क्रीनिंग. ८० टेस्टची टोपली म्हणजे स्क्रीनिंग नाही. ऑडिटमध्येसुद्धा आम्ही कंपनीचं प्रत्येक व्हाउचर उघडत बसत नाही. जिथे चूक सापडली तर ताळेबंद बदलेल, तिथे बघतो.

आणि 'टॅक्सही वाचतो' म्हणणाऱ्यांसाठी: ८०डी म्हणून आपण ओळखतो त्या सवलतीत प्रिव्हेंटिव्ह चेकअपचे जास्तीत जास्त ५,००० रुपये बसतात, तेही एकूण मर्यादेच्या आत आणि जुन्या करपद्धतीतच. वर भारतात करपात्र उत्पन्न हवं. ३० टक्क्यांच्या स्लॅबला वाचतात दीड हजाराच्या आसपास. एवढ्यासाठी आईची बायोप्सी नको.

मला सगळ्यात खटकतं ते वेगळंच आहे. रिपोर्ट कुणाच्या फोनवर येतो? आपल्या. पुढची टेस्ट कोण ठरवतं? आपण, व्हिडिओ कॉलवर, आवाज चढवून. ज्यांच्या शरीरात सुई जाणार त्यांना कुणी विचारलं? 'बाबा, उद्या गाठ सापडली तर तुम्ही ऑपरेशन कराल का?' हा प्रश्न टेस्टच्या आधी विचारायचा असतो. बरेच बाबा शांतपणे 'नाही' म्हणतील. मग टेस्ट कशासाठी?

म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा:

१. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून आई-बाबांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरकडे पाठवा. कुठली बंद करता येईल, हे विचारायला सांगा.

२. कान, डोळे, दात. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलणंच सोडतो.

३. बाथरूममध्ये धरायला दांड्या, न घसरणारी फरशी, रात्रीचा दिवा. बीपी बसून आणि उभं राहून, दोन्ही.

४. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी डॉक्टरांना विचारून. आई पासष्टीच्या पुढे असेल आणि हाडांची घनता कधीच बघितली नसेल, तर ती टेस्ट विचारण्यासारखी आहे.

५. बाबा तंबाखू खात असतील किंवा खात होते, तर डॉक्टरांना तोंडात नीट बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि कुठलीही नवी टेस्ट सुचवली तर तीन प्रश्न: रिपोर्ट वाईट आला तर आपण वेगळं काय करणार? ते करायला आई-बाबा तयार आहेत का? फायदा दिसायला किती वर्षं लागतील?

तिन्हींची उत्तरं मिळाली तर जरूर करा, मी पहिली पाठिंबा देईन. नाही मिळाली, तर पुढच्या महिन्यात आपोआप रिन्यू होणारं ते पॅकेज आजच बंद करा आणि तेवढाच वेळ त्यांना फोन करून घालवा. रिपोर्टबद्दल न बोलता.